कालव्याकाठी पायवाट किंवा सायकल ट्रॅक करायचाय? आधी जमीन अशी तपासा

पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं रोज सकाळी माणसं फिरतात. सावली असते, गाड्या कमी असतात, आणि पाणी अगदी हलक्या उतारानं वाहत असल्यानं वाट जवळपास सपाट असते. सायकलसाठी यापेक्षा चांगली जागा शहरात सापडणं अवघड. म्हणूनच 'इथे ट्रॅक करा' अशी मागणी वरचेवर होते. कधी महापालिकेतल्या नव्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर फाइल येते, कधी सोसायट्या एकत्र येऊन सल्लागार नेमतात. 'माती परीक्षण करून घ्या' या वाक्यापाशी मात्र बरेच जण अडतात. काय तपासायचं, कुठे खणायचं, कुणाला विचारायचं, हे एका जागी लिहिलेलं मिळत नाही. माझं कामच माती तपासणीचं आहे, त्यामुळे हे सगळं क्रमानं लिहितोय. उदाहरण मुठा कालव्याचं घेतलंय, पण नीरा किंवा प्रवरेच्या जुन्या कालव्यांवरही पद्धत हीच.

एक गोष्ट पहिल्यांदाच पक्की करा. चालणाऱ्यांचं आणि सायकलींचं वजन जमिनीच्या दृष्टीनं किरकोळ आहे. पण ही वाट बसते कालव्याच्या बांधावर, आणि तो बांध चोवीस तास पाणी अडवून उभा असतो. वाटेखालची माती दबली तर फरशी वाकडी होईल. बांध गेला तर खालच्या वस्तीत पाणी शिरेल. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि सिंहगड रस्त्यालगतच्या वस्तीत घरंच्या घरं पाण्यात गेली. त्यानंतर घुशी-उंदीर-खेकड्यांच्या बिळांपासून केबलसाठी केलेल्या खोदाईपर्यंत अनेक कारणांची चर्चा झाली. त्यातलं नेमकं कोणतं, हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्यापुरता अर्थ साफ आहे: बांधाला पाडलेलं प्रत्येक भोक, मग ते घुशीचं असो वा माती परीक्षणाचं, धोक्याचं आहे.

१. कालवा भरावात आहे की खोदाईत, हे आधी ठरवा

खडकवासल्याचं धरण आणि मुठा कालवे १८७० च्या दशकातले. त्या काळचा कालवा डोंगराच्या कडेनं समतल रेषा धरून जातो. उजव्या कालव्याला डोंगर उजव्या हाताला, नदी डाव्या हाताला. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी डोंगराकडची बाजू खोदाईत, म्हणजे जमीन खणून केलेली असते, आणि नदीकडची भरावात, म्हणजे माती टाकून उभारलेल्या बांधाची.

भरावाच्या भागात कालव्याचं पाणी बाहेरच्या जमिनीपेक्षा उंचावर असतं. इथे प्रत्येक खड्ड्याचा विचार दोनदा करायचा. खोदाईच्या भागात बांध फुटायची भीती नसते, पण तिथे दुसरी अडचण असते. कालवा खणताना निघालेली माती-मुरूम कडेला नुसती टाकून दिलेली असते. वर गवत उगवल्यामुळे ती जमीन घट्ट दिसते, आत पोकळ असते. तुमच्या लांबीचे भराव, खोदाई आणि मिश्र असे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याची तपासणी वेगळी आखा. सगळ्या लांबीला एकच नियम लावून तयार केलेला अहवाल कामाचा नसतो.

२. हे कागद गोळा करा

- कालव्याचा एल-सेक्शन (लांबीच्या दिशेनं उंची दाखवणारा नकाशा) आणि काटछेद (आडवा छेद). जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात मिळतात. जुन्या प्रती फुटात असतात, मीटरमध्ये बदलताना तलांक (उंचीचे आकडे) नीट पाहा.
- कालव्याच्या हद्दीचा मोजणी नकाशा, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा.
- भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. शहराचा उत्तरेकडचा भाग ४७ एफ/१४ मध्ये येतो आणि खडकवासला ४७ एफ/१५ मध्ये, म्हणून दोन्ही घ्या.
- महापालिकेच्या पाणीपुरवठा आणि ड्रेनेज खात्याचे वाहिन्यांचे नकाशे.
- वाट नदी-ओढ्याजवळून जात असेल तर पूररेषेचा नकाशा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.
- यंदाचं आवर्तनाचं वेळापत्रक, म्हणजे कालव्यात पाणी कधी सुटणार आणि कधी बंद होणार.

शेवटचा कागद लोक हमखास विसरतात, आणि सगळं नियोजन त्याच्यावरच उभं असतं.

नकाशे पाहताना जुन्या आणि नव्याची गल्लत होऊ देऊ नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पाण्यानं खडकवासल्याचं धरणही फुटलं, आणि पुढच्या काळात धरण आणि कालव्यांची मोठी कामं झाली. हडपसरच्या बाजूला आजही जुना कालवा 'बेबी कालवा' म्हणून वेगळा ओळखला जातो. नव्या कालव्याचे कागद हातात घेऊन जुन्याच्या काठावर खणू नका. त्यांचे काटछेद वेगळे आहेत.

३. परवानग्या

कालव्याची जागा महापालिकेची आहे असं अनेकांना वाटतं, कारण फरशा आणि दिवे महापालिका लावते. जागा जलसंपदा विभागाची असते. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ प्रमाणे कालव्याला धोका पोचेल असं काम परस्पर करता येत नाही. अर्ज कार्यकारी अभियंत्याच्या नावे करा, पण तो देण्याआधी शाखा अभियंत्याला आणि कालवा निरीक्षकाला भेटा. कुठे पाझर आहे, कुठे गेल्या साली मातीची पोती टाकली, कोणत्या मोरीखाली पाणी साचतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. नकाशात ते सापडणार नाही.

अर्जासोबत प्रत्येक खड्ड्याची जागा, खोली, खणायची पद्धत आणि तो परत कसा भरणार, हे लिहून द्या. 'कसा भरणार' हा भाग नसला की अर्ज अडकतो, आणि तो अडकलेलाच बरा.

केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरला नियंत्रण आहे. खणण्याआधी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. झाडं मध्ये येत असतील तर उद्यान विभागाकडे जा. फांदी तोडतानाही १९७५ चा वृक्ष कायदा लागतो.

४. दोनदा चाला: एकदा पाणी असताना, एकदा नसताना

माझ्या मते सगळ्या तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि याला खर्चही जवळजवळ नाही. सोबत टेप, पहार, फोन आणि वही एवढंच घ्या.

कालवा वाहत असताना बांधाच्या बाहेरच्या पायथ्यानं चाला. वरच्या वाटेवरून काहीच दिसत नाही. एप्रिलमध्ये आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एखादाच पट्टा हिरवागार दिसला, तर तिथे पाझर आहे. पाणी ठिबकत असेल तर ते ओंजळीत किंवा काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. स्वच्छ असेल तर जागेची नोंद करा आणि पुन्हा येऊन पाहा. गढूळ असेल तर ते पाणी बांधातली माती वाहून आणतंय. अशा वेळी तपासणी तिथेच थांबवा आणि शाखा कार्यालयाला लगेच फोन करा. पत्र मागाहून लिहा.

कललेले खांब आणि झाडं बघा. वाटेला समांतर गेलेल्या लांब भेगा बघा. आडव्या भेगा बहुतेक वेळा काळ्या मातीच्या आकसण्याच्या असतात, पण बांधाच्या कडेला समांतर भेग म्हणजे कडा सरकत असल्याची शंका. घुशीच्या बिळापाशी ताज्या मातीचा ढीग असतो. बिळाचं तोंड कोणत्या उंचीवर आहे ते मोजून ठेवा. पाण्याच्या पातळीच्या खाली बाहेरच्या उतारावर तोंड असेल तर त्याची नोंद पहिल्या पानावर गेली पाहिजे.

दुसरी फेरी पाणी बंद झाल्यावर. आता आतली बाजू पाहायची. अस्तराचे, म्हणजे कालव्याच्या आतल्या आवरणाचे, निखळलेले दगड, सांध्यातून गेलेला चुना, तळाशी खचलेली जागा, झाडाच्या मुळांनी उचललेलं अस्तर. बाहेर जिथे हिरवा पट्टा दिसला होता, त्याच्या समोर आत काय आहे ते जुळवून पाहा. या दोन फेऱ्यांच्या नोंदींवरून खड्ड्यांच्या जागा ठरतात.

५. जमिनीखाली काय पुरलंय ते शोधा

कालव्याची कड ही शहरातली मोकळी पट्टी. त्यामुळे पाण्याच्या मोठ्या वाहिन्या, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेटच्या केबल, सगळं तिथूनच गेलेलं असतं. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलंय. त्यावर खोदाईची सूचना टाका. पण तेवढ्यावर थांबू नका, महावितरण, गॅस कंपनी आणि पाणीपुरवठा खात्याचा माणूस प्रत्यक्ष जागेवर बोलवा.

केबल लोकेटर, म्हणजे पुरलेली केबल शोधणारं यंत्र, फिरवाच. जमिनीत डोकावणाऱ्या रडारवर मात्र फार भरवसा नको. काळ्या चिकण मातीत त्याच्या लहरी लवकर शोषल्या जातात आणि चित्र पुसट येतं. शेवटचा खात्रीचा उपाय म्हणजे पहिला सव्वा ते दीड मीटर हातानं खणणं, कुदळ जपून वापरत. तांबडी टेप, विटांची रांग किंवा बारीक वाळूचा थर लागला की हात थांबवायचा. खाली केबल असते.

कात्रजच्या बाजूला काम असेल तर आणखी एक काळजी. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा दगड-चुन्याचा नळ बांधला गेला. त्याचे उच्छ्वास (हवेसाठीचे दगडी मनोरे) अजून काही ठिकाणी उभे दिसतात, पण नळ स्वतः जमिनीखाली आहे. खणताना घडीव दगड आणि चुना एका रेषेत लागला तर तो बाजूला काढू नका. फोटो घ्या, जागा झाका, महापालिकेच्या हेरिटेज विभागाला कळवा. बाहेरून दगडी ढिगारा वाटणारी गोष्ट अडीचशेहून जास्त वर्षांची पाणीव्यवस्था असू शकते.

६. खड्डे कुठे, बोअर कुठे

नुसत्या वाटेसाठी मी साधारण दर २०० ते ३०० मीटरला एक चाचणी खड्डा धरतो, शिवाय जिथे माती, उतार किंवा भराव-खोदाई बदलते तिथे एक जास्तीचा. खोली एक ते दीड मीटर पुरते. छोटा पूल, संरक्षक भिंत किंवा उंच रॅम्प असेल तिथेच बोअर (जमिनीत पाडलेलं अरुंद, खोल भोक) घ्या, पुलाला दोन्ही टोकांना एकेक.

बांधावरचे नियम वेगळे:

- भरावाच्या माथ्यावर बोअर घ्यायचं नाही. बाहेरच्या पायथ्यापलीकडे घ्या. माथ्यावर घेणं भागच असेल तर जलसंपदाचा अभियंता हजर असताना आणि कालवा बंद असताना.
- दाबाखाली पाणी सोडून ड्रिलिंग करणारं यंत्र बांधाजवळ आणू नका. त्या दाबानं बांधात चीर पडते आणि पुढे तीच पाझराची वाट होते. मातीत ऑगर, म्हणजे फिरवून आत जाणारा गिरमिट, वापरा.
- जेसीबीनं खड्डे नकोत. बादली एका फटक्यात अर्धा मीटर ओढते, थर कळत नाहीत, आणि खड्डा हवा त्यापेक्षा तिप्पट मोठा होतो.
- खणलेला खड्डा रात्रभर उघडा ठेवायचा नाही.
- दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही.

मधल्या जागांसाठी डायनॅमिक कोन, म्हणजे डीसीपी वापरा. ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून पडतो आणि प्रत्येक ठोक्याला टोक किती आत गेलं ते मोजायचं. भोक अंगठ्याएवढं पडतं, दोन माणसं दिवसभरात बरीच लांबी उरकतात. सापळा एकच: मे महिन्यात काळी माती इतकी कडक असते की पहारही उडते. तेव्हा डीसीपीचे आकडे फसवे चांगले येतात. तीच माती ऑगस्टमध्ये पायाखाली रुतते. उन्हाळ्यातल्या डीसीपीवर वाटेची जाडी ठरवू नका.

आणि टोक अडलं म्हणजे खडक लागला असंही नाही. जुन्या कालव्याच्या कडेला दुरुस्तीतले दगड पुरलेले असतात. अर्धा मीटर सरकून पुन्हा ठोका.

७. खड्ड्यात काय पाहायचं

खड्ड्याची एक भिंत खुरप्यानं ताशीव करून घ्या, वरून टेप सोडा आणि फोटो काढा. पुण्यात बहुतेक असं दिसतं: वर वीतभर राडारोडा, प्लॅस्टिक आणि कालव्यातून काढलेला गाळ. खाली आणून टाकलेला मुरूम. मग काळी माती, जिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. ढेकूळ फोडलं की आत चकचकीत गुळगुळीत पाती दिसतात. ती माती दरवर्षी फुगते-आकसते याचा तो पुरावा. त्याखाली पिवळसर मुरूम, आणि विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक.

जागेवरच तीन गोष्टी करून बघा. ओल्या मातीची न तुटता ३ मिलिमीटर जाडीची वळी होते का पाहा; होत असेल तर माती चिकण आहे. भेगा किती खोल आहेत ते तार घालून मोजा. आणि तिसरी गोष्ट बांधासाठी फार महत्त्वाची: हरभऱ्याएवढा मातीचा खडा डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात अलगद सोडा. खडा नुसता ढासळून तळाशी बसला तर ठीक. पण त्याच्याभोवती दुधाचा थेंब पडावा तसा ढग पसरायला लागला, तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी वाहून जाणारी आहे. अशा मातीच्या बांधात छोटा पाझरही पटकन मोठा होतो. नळाच्या पाण्यानं ही चाचणी करू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही.

गाळ हाताळताना हातमोजे आणि गमबूट घाला. शहरातल्या कालव्यात सांडपाणी मिसळतं, उंदीर असतात, पावसाळ्यात लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका खरा असतो. गाळाचा वेगळा नमुना घेऊन जड धातूंसाठी तपासून घ्या. तो उचलून कुठे टाकायचा हे त्यावर ठरेल.

खड्डा भरताना निघालेलीच माती, १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत, थोडं पाणी मारून धुमसानं घट्ट करायची. राडारोडा नाही, आणि नुसता मुरूमही नाही, कारण त्यातून पाणी सहज जातं. बोअर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकण माती) आणि सिमेंटच्या मिश्रणानं तळापासून वरपर्यंत भरायचं.

८. पाण्याची पातळी एकदाच मोजून भागत नाही

बाहेरच्या पायथ्याजवळच्या एखाद-दोन बोअरमध्ये जाळीदार पाइप बसवा आणि पातळी तीनदा मोजा: पाणी सुटण्याआधी, आवर्तन चालू असताना, आणि बंद झाल्यावर काही दिवसांनी. कालवा भरल्यावर पाइपमधली पातळी लगेच चढत असेल तर कालव्याचा आणि त्या जमिनीचा थेट संबंध आहे. मग तिथे वाटेखाली पाण्याचा निचरा करणारा थर लागेल. शिवाय जलसंपदाला अस्तर दुरुस्तीचं लेखी कळवावं लागेल.

९. प्रयोगशाळेत काय पाठवायचं

आयएस २७२० या भारतीय मानकाच्या वेगवेगळ्या भागांत या चाचण्या आहेत. वाटेसाठी एवढ्या पुरतात: कणांची वर्गवारी, द्रव आणि सुघट्य मर्यादा (माती किती ओलाव्याला पातळ होते आणि किती ओलाव्याला वळता येते), नैसर्गिक ओलावा, प्रॉक्टर घनता (ठोकून माती जास्तीत जास्त किती घट्ट होते), मुक्त फुगवण निर्देशांक, आणि चार दिवस पाण्यात भिजवून काढलेला सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद सांगणारा आकडा. न भिजवलेला सीबीआर स्वस्तात होतो आणि आकडा छान दिसतो, पण तो घेऊ नका.

फुगवणीची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. १० ग्रॅम कोरडी चाळलेली माती एका नळीत पाण्यात, दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १७ भरली, तर निर्देशांक ७०. ५० च्या वर गेला की ती माती वाटेखाली तशीच ठेवू नये.

सीबीआरसाठी २५-३० किलो माती लागते. लेबल पिशवीच्या आतही आणि बाहेरही लावा, पेन्सिलीनं किंवा मार्करनं लिहून. शाईचं लेबल ओल्या मातीत वाचता येत नाही. ओलाव्याचा नमुना त्याच दिवशी सीलबंद करून पोचवा.

१०. अहवालातून आराखड्यात काय उतरायला हवं

काळी माती असेल तर वाटेखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालावा लागतो. फुगणाऱ्या जमिनीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठीच्या आयएस ९४५१ मध्ये या थराची माहिती आहे. कडांना जास्त जपा, कारण पाणी कडेनं शिरतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. वाटेचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवून पाणी पक्क्या गटारात न्या. ते बांधाच्या उतारावर मोकळं सोडलं तर दोन पावसाळ्यांत घळी पडतात.

रुंदी ठरवताना पायवाटेला किमान १.८ मीटर आणि सायकल ट्रॅकला किमान २ मीटर धरतात. पण गाळ काढणारं यंत्र जायला जागा उरली पाहिजे, आणि त्या यंत्राच्या वजनाला वाट टिकली पाहिजे. हे जलसंपदा विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं. जुन्या दगडी बांधकामाजवळ व्हायब्रेटर रोलर न वापरण्याची अट निविदेतच लिहा. जागेवर सांगून कुणी ऐकत नाही.

अहवाल हातात आला की आकड्यांच्या आधी खड्ड्यांचे फोटो आणि लॉग (थरांच्या लेखी नोंदी) जुळवून पाहा. टेप नसलेला फोटो, सगळ्या खड्ड्यांत सेंटिमीटरपर्यंत सारखे थर, किंवा पाण्याच्या पातळीपुढे नुसती रेघ दिसली, तर बिल मंजूर करण्याआधी एजन्सीला घेऊन जागेवर जा.

शेवटी, प्रत्येक खड्ड्याचे आणि बोअरचे अक्षांश-रेखांश, खोली, भरल्याची तारीख आणि भरण्याचं साहित्य यांचा एक तक्ता करून त्याची प्रत शाखा अभियंत्याच्या कार्यालयात पोच घेऊन द्या. पुढच्या आवर्तनात त्या जागा कालवा निरीक्षकाला डोळ्याखाली ठेवता येतील. पाणी सुटल्यावर तुम्हीही एकदा त्याच्यासोबत पायथ्यानं चालून या.